सिनेटरला शाल घालण्याआधी: अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना खुले पत्र

अमेरिकेतल्या सर्व मराठी मंडळांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कमिटीतल्या मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

२०२६ च्या नोव्हेंबरात अमेरिकी सिनेटच्या १०० पैकी ३५ जागांसाठी मतदान आहे. न्यू जर्सी, इलिनॉय, टेक्सस, मिशिगन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, व्हर्जिनिया, मॅसॅच्युसेट्स ही सगळी राज्ये त्या यादीत आहेत. या राज्यांत आपली मंडळे आहेत, शाळा आहेत, ढोल-ताशा पथके आहेत. त्यामुळे उमेदवार येणारच. 'नमस्कार' पाठ करून येतील, आरतीला उभे राहतील, पथकाबरोबर फोटो काढतील. आपण शाल-श्रीफळ देऊ आणि ते मोदक खाऊन पुढच्या कार्यक्रमाला निघतील. यात गैर काहीच नाही. दारी आलेल्याचे स्वागत करायचे ही आपली रीतच आहे.

माझी तक्रार त्यानंतरच्या सहा वर्षांबद्दल आहे. निवडून आलेल्या त्या माणसाने पुढे काय केले, याची कुठेही नोंद नसते. दिवाळीच्या शुभेच्छांचा व्हिडिओ आला की 'आपल्याला मानतो' आणि नाही आला की 'विसरला', एवढ्यावर आपला निवाडा होतो. माझी विनंती अशी की प्रत्येक मंडळाने आपल्या राज्याच्या दोन्ही सिनेटरांची एक वही घालावी. माणूस कुठून आला, काय बोलला, काय केले, कुणाचे पैसे घेतले, हे सगळे तारखेसह त्यात असावे. पक्ष कोणताही असो.

ही वही नसल्यामुळे काय होते, ते ग्रीन कार्डांच्या रांगेविषयीच्या एस. ३८६ या सिनेटमधल्या विधेयकाच्या गोष्टीत दिसते. ती आपल्यापैकी बऱ्याच घरांत अर्धीमुर्धी माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १,४०,००० मिळतात आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला त्यातली सहसा ७ टक्क्यांहून जास्त येत नाहीत. ही चौकट १९९० च्या कायद्याने घातली. भारत असो की आइसलँड, टोपी एकाच मापाची. म्हणून व्हिसा बुलेटिनमधली, म्हणजे कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली हे सांगणाऱ्या सरकारी पत्रकातली, भारताची तारीख मुंगीच्या पावलाने सरकते आणि कधी कधी मागेही जाते. २०१९ मध्ये ही देशनिहाय मर्यादा उठवणारे विधेयक दोन्ही सभागृहांत आले. प्रतिनिधीगृहात ते १० जुलै २०१९ ला ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झाले. कुणी कुठे मत दिले ते नावानिशी नोंदले गेले.

सिनेटमध्ये मात्र गोष्ट वेगळी झाली. तिथले विधेयक मांडले होते युटाचे रिपब्लिकन सिनेटर माइक ली यांनी आणि सोबत होत्या कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट सिनेटर कमला हॅरिस. सिनेटमध्ये एक सोय आहे. सदस्य उभा राहून विनंती करतो की हे विधेयक मतमोजणीशिवाय मंजूर समजावे. कुणी काही बोलले नाही तर मंजूर. एकानेही हरकत घेतली तर तिथेच खोळंबा. ली यांनी हा रस्ता धरला. जून २०१९ मध्ये केंटकीचे रँड पॉल आडवे आले, परदेशी परिचारिकांच्या प्रश्नावरून. त्यांचे समाधान झाले, तर सप्टेंबरात जॉर्जियाचे डेव्हिड पर्ड्यू यांनी हरकत घेतली. तीही मिटली. मग ऑक्टोबरात इलिनॉयचे डिक डर्बिन उभे राहिले.

डर्बिन म्हणजे स्थलांतरितांचे जुने कैवारी. लहानपणी कागदपत्रांविना इथे आलेल्या मुलांसाठीचा ड्रीम अ‍ॅक्ट २००१ मध्ये ज्यांनी मांडला त्यांतले ते एक. शिकागोच्या कुठल्याही भारतीय कार्यक्रमात ज्यांच्यासाठी टाळ्या पडाव्यात असे नाव. आणि आपल्या लोकांची रांग कमी करणारे विधेयक अडवणारेही तेच. दुसऱ्या बाजूला ते पुढे रेटणारा माणूस कोण, तर युटाचा एक कडवा पुराणमतवादी. युटा आपल्यापैकी कितींनी स्कीइंगच्या सहलीपलीकडे पाहिले असेल, देव जाणे. पक्षाचे लेबल किंवा मंचावरची ओळख पाहून कुणी अंदाज बांधला असता, तर तो इथे साफ आपटला असता.

पण डर्बिन यांना खलनायक ठरवून मोकळे होणेही सोपेच. त्यांचे म्हणणे असे होते की एकूण आकडा न वाढवता मर्यादा काढली, तर भारतीयांची रांग कमी होईल पण बाकी सगळ्या देशांच्या लोकांची वाढेल. त्यांनी नुसती हरकत घेतली नाही, पर्यायी विधेयकही मांडले: कार्डांची संख्या वाढवा आणि पती-पत्नी व मुलांना त्या संख्येत मोजू नका. तुम्हाला हा युक्तिवाद पटो न पटो, त्यात तथ्य होते. डिसेंबरात ली आणि डर्बिन यांच्यात तडजोड झाली. मग ऑगस्ट २०२० मध्ये फ्लोरिडाचे रिक स्कॉट यांनी पुन्हा खोडा घातला. अखेर २ डिसेंबर २०२० ला सिनेटने विधेयक मंजूर केले, तेही कुणी हरकत न घेतल्याने, मतमोजणीविना. त्या दिवशी आपल्या ग्रुपांवर पेढ्यांचे फोटो फिरले. तोवर मसुदा इतका बदलला होता की प्रतिनिधीगृहाच्या मसुद्याशी त्याचा मेळ घालणे गरजेचे होते, आणि त्या काँग्रेसची (म्हणजे अमेरिकी संसदेची) मुदत ३ जानेवारी २०२१ ला संपत होती. मेळ बसला नाही. मुदत संपली आणि विधेयक आपोआप रद्द झाले.

आता प्रश्न विचारा: आपल्या राज्याच्या सिनेटरने या दीड वर्षात काय केले? मतदानाच्या नोंदी उघडून उपयोग नाही, कारण मोजणी झालीच नाही. २ डिसेंबरला सभागृहात नसलेला सिनेटरही आज 'मी पाठिंबा दिला होता' असे म्हणू शकतो आणि त्याला खोटे ठरवायला कागद मिळणार नाही. कागद कुठे मिळतो? तीन ठिकाणी. एक, सहप्रस्तावकांच्या यादीत, तारखेसह. सुरुवातीला सही करणारा आणि वारे फिरल्यावर करणारा यांत फरक असतो. दोन, काँग्रेसच्या रोजच्या छापील कामकाजात, जिथे प्रत्येक हरकत शब्दशः उतरवलेली असते. तीन, समितीच्या कामात. स्थलांतराचे विधेयक न्यायविषयक समितीकडे जाते. त्या समितीतला सिनेटर आणि शेतीच्या समितीतला सिनेटर यांनी 'मी प्रयत्न करीन' म्हटले, तर त्या दोन वाक्यांचे वजन सारखे नसते.

आणि जे सभागृहात उभे न राहता आतल्या आत 'होल्ड' घालतात, म्हणजे आपली हरकत आहे असे आधीच कळवून काम अडवतात, त्यांचे नाव लगेच बाहेर येतेच असे नाही. एकट्या सिनेटरची ताकद किती, ते २०२३ मध्ये अलाबामाच्या टॉमी ट्युबरव्हिल यांनी दाखवले. संरक्षण खात्याच्या गर्भपातविषयक धोरणाच्या निषेधार्थ त्यांनी लष्करातल्या चारशेहून अधिक बढत्या महिनोन्महिने रोखून धरल्या. म्हणून 'एकटा सिनेटर काय करणार' हे उत्तर कुणी दिले, तर ते गिळू नका. अडवायला एकटा पुरतो. घडवून आणायला मात्र बहुधा ६० जण लागतात. आश्वासने मोजताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

आश्वासनांबद्दल माझे मत जरा कडक आहे. 'कायदेशीर मार्गाने येणाऱ्यांसाठी मी लढेन' हे मी आश्वासनच मानत नाही. ते खरे झाले की खोटे, हे तपासण्याची सोय त्यात नाही. तपासता येईल असे आश्वासन म्हणजे: पहिल्या वर्षात अमुक विधेयकाचा सहप्रस्तावक होईन, अमुक नेमणुकीविरुद्ध मत देईन, राज्याच्या अमुक भागात माझे कार्यालय चालू ठेवीन, वर्षातून एकदा तरी खुली सभा घेईन, जिथे प्रश्न आधी लिहून द्यावे लागणार नाहीत. या सगळ्या गोष्टी सिनेटरच्या स्वतःच्या हातातल्या आहेत. 'बॅकलॉग (ग्रीन कार्डांची तुंबलेली रांग) संपवीन' ही नाही. ती वहीत लिहा, पण वेगळ्या रकान्यात, आणि पुढे तो न संपल्याचा दोषही एकट्याच्या माथी मारू नका.

याच न्यायाने जे सिनेटरने केले नाही, त्याचे खापरही त्याच्यावर फुटता कामा नये. १९ सप्टेंबर २०२५ ला एचवनबी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरची अट आली, तो राष्ट्राध्यक्षांचा आदेश होता. सिनेटने त्यावर मत दिलेले नाही. पण त्यानंतर आपला सिनेटर काय बोलला, काही पत्र लिहिले का, विधेयक आणले का, की तीन दिवस गप्प राहून चौथ्या दिवशी फुटबॉलच्या सामन्याचा फोटो टाकला, हे मात्र वहीत हवे.

एक विषय आपल्या घरांत फार बोलला जात नाही, कारण तो बोलताना घसा दाटतो. आईवडिलांच्या व्हिसावर लहानपणी आलेली मुले २१ वर्षांची झाली की आईवडिलांच्या ग्रीन कार्डाच्या अर्जातून बाहेर पडतात. अंगणवाडीच्या वयात आलेली पोरगी कॉलेजात असताना 'परदेशी विद्यार्थी' होते. या मुलांसाठीचे विधेयक सिनेटमध्ये २०२१ मध्ये आणले कॅलिफोर्नियाचे अ‍ॅलेक्स पडिया यांनी, आणि त्यांच्यासोबत सही होती रँड पॉल यांची. हो, तेच रँड पॉल, ज्यांनी जून २०१९ मध्ये हरकत घेतली होती. नोंद ठेवली तर दिसते की माणूस एका कलमावर आडवा येतो आणि दुसऱ्यावर सोबत चालतो. नोंद नसेल तर तो कायमचा 'आपल्या विरोधातला' होऊन बसतो, आणि त्याच्या कार्यालयात फोन करायलाही कुणी जात नाही. विधेयकाचा कायदा अजून झालेला नाही. आणि हिशोब करा: नोव्हेंबर २०२६ मध्ये पूर्ण मुदतीसाठी निवडून येणारा सिनेटर जानेवारी २०३३ पर्यंत खुर्चीत असेल. तो शपथ घेईल तेव्हा पंधरा वर्षांचे असलेले मूल त्याच्या मुदतीतच एकवीस ओलांडेल.

पार्श्वभूमीची तपासणी हा भाग थोडक्यात उरकतो, कारण तो सोपा आहे आणि तरीही कुणी करत नाही. भारतात उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण लिहून द्यावे लागते; २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ही पद्धत रुजली. इथे तसे प्रतिज्ञापत्र नाही. राज्यघटनेच्या अटी तीनच: वय ३०, नागरिकत्वाला ९ वर्षे, आणि निवडणुकीच्या वेळी त्या राज्यात वास्तव्य. बाकी माणूस स्वतःबद्दल जे सांगेल ते. न्यूयॉर्कमधून प्रतिनिधीगृहात गेलेल्या जॉर्ज सँटोस यांनी शिक्षण आणि नोकऱ्यांबद्दल जे सांगितले, त्यातले बरेचसे बनावट निघाले. निवडणुकीआधी लाँग आयलंडच्या एका छोट्या स्थानिक साप्ताहिकाने त्यांच्या मालमत्तेबद्दल शंका घेतली होती. कुणी कान दिला नाही. १ डिसेंबर २०२३ ला सभागृहाने त्यांना ३११ विरुद्ध ११४ मतांनी काढले. तेव्हा उमेदवाराने सांगितलेली पदवी विद्यापीठाकडून आणि सांगितलेली नोकरी त्या कंपनीकडून पडताळणे एवढे काम आपल्यातल्या कुणी निवृत्त माणसाने अंगावर घेतले तरी पुष्कळ.

पैशांचे काम किचकट आहे, पण आपल्यात चार्टर्ड अकाउंटंट आणि डेटावाले इतके आहेत की सबब चालणार नाही. निवडणूक निधीची विवरणे संघीय निवडणूक आयोगाकडे जातात आणि २०० डॉलरच्या वर देणाऱ्याचे नाव, व्यवसाय आणि मालक कंपनी त्यात येते. गंमत म्हणजे सिनेटचे उमेदवार ही विवरणे २०१८ पर्यंत कागदावर भरत. बाकी सगळे कधीचे संगणकावर गेले होते. स्वतःच्या मालमत्तेचे विवरण सिनेटरला दर वर्षी १५ मेपर्यंत द्यावे लागते. २०१२ च्या स्टॉक अ‍ॅक्टनुसार १,००० डॉलरवरचा शेअर व्यवहार जास्तीत जास्त ४५ दिवसांत जाहीर करावा लागतो. उशीर केला तर दंड अवघा २०० डॉलर. आकडे नेमके नसतात, '१५,००१ ते ५०,०००' असे टप्पे असतात. तरीही पाहणाऱ्याला दिसते. न्यू जर्सीकरांना हे वेगळे सांगायला नको. आपले बॉब मेनेंडेझ परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष होते. घरात सोन्याच्या विटा आणि रोकड सापडली, जुलै २०२४ मध्ये लाचखोरीत दोषी ठरले, ऑगस्टमध्ये राजीनामा दिला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांना ११ वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी अठरा वर्षे ते सिनेटर होते.

जाता जाता निधीसंकलनाच्या जेवणावळींबद्दल एक सूचना. नागरिक आणि ग्रीन कार्डवाले उमेदवाराला पैसे देऊ शकतात. एचवनबीवर असलेल्यांना कायद्याने मनाई आहे. 'माझ्या नावावर तू दे' असा दुसऱ्याच्या नावाने चेक फाडणे हाही गुन्हाच. उत्साहाच्या भरात कुणी अडकू नये.

आता तुमची नेहमीची हरकत. 'आपण ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था आहोत, राजकारण नको.' ही अट १९५४ पासूनची आहे आणि ती खरीच आहे: अशा संस्थेने उमेदवाराच्या बाजूने किंवा विरुद्ध प्रचार करायचा नाही. पण त्याच नियमांत मतदार नोंदणी चालते, सर्व उमेदवारांना समान संधी देणारी चर्चा चालते, सगळ्यांना तीच प्रश्नावली पाठवून उत्तरे जशीच्या तशी छापणेही चालते. धोका उलट बाजूला आहे. ऐन प्रचारात एकाच उमेदवाराला मंचावर बोलावून, गळ्यात शाल घालून, माईक हातात देणे आणि दुसऱ्याला निमंत्रणही न पाठवणे, हे तुमच्या वकिलाला एकदा विचारून पाहा. नियमाचे कारण सांगून प्रश्न टाळायचे आणि सत्कार मात्र दणक्यात करायचा, हा व्यवहार मला तरी उलटा वाटतो.

दुसरी हरकत: 'आपले बरेच सभासद नागरिकच नाहीत, त्यांना काय?' सिनेटरचे कार्यालय राज्यात राहणाऱ्या कुणाचेही काम पाहते. अडकलेली फाइल, लांबलेली मुलाखत, हरवलेला पासपोर्ट यासाठी तिथे केसवर्कर असतात. संमतीचा एक अर्ज भरून द्यायचा, मतदार ओळख लागत नाही. आपल्या ग्रुपांवर रोज कुणी तरी विचारते, 'कुणाला असा अनुभव आहे का?' ते अनुभव एका ठिकाणी गोळा झाले, की कोणत्या सिनेटरचे कार्यालय फोन उचलते आणि कोणते फक्त ठरीव पत्र पाठवते, हे एका वर्षात कळेल. उमेदवाराच्या गुळमुळीत भाषणापेक्षा ही माहिती जास्त मोलाची, आणि ती फक्त आपणच गोळा करू शकतो.

तिसरी हरकत कुणी उघड घेत नाही, पण ती मनात असते: 'आपला माणूस' आला की बाकी तपासायची गरज उरत नाही. बेळगावचे श्री ठाणेदार २०२३ पासून डेट्रॉइटचे प्रतिनिधी आहेत, याचा मराठी माणसाला आनंद होणे साहजिक आहे. मलाही झाला. पण ठाणेदार असोत की हॅरिस, त्यांची वही इतरांइतकीच जाड हवी. किंबहुना आपल्या माणसाची दोन पाने जास्तच असावीत, कारण त्याला प्रश्न विचारताना आपली जीभ अडखळते.

तर मागणी एवढीच. या गणेशोत्सवाआधी प्रत्येक मंडळाने वेगवेगळ्या राजकीय मतांची माणसे मुद्दाम एकत्र करून एक छोटा गट नेमावा. एकाच बाजूचे सगळे भरले तर वही प्रचारपत्रक होईल. सगळ्या उमेदवारांना तीच प्रश्नावली जावी आणि तपासता येतील असेच प्रश्न त्यात असावेत. देशनिहाय मर्यादेवर तुमची भूमिका काय, एकूण संख्या वाढवायला तयार आहात का, २१ वर्षांच्या मुलांच्या विधेयकावर सही कराल का, कोणत्या समितीत जागा मागणार आहात, मतमोजणीविना मंजुरीच्या वेळी हरकत घेतली तर कारण जाहीर कराल का. उत्तर आले नाही तर 'उत्तर आले नाही' असे छापा. ज्याला मंचावर बोलवाल त्याला यातला एक तरी प्रश्न माईकवर विचारा, आणि समोरचे उत्तर रेकॉर्ड करा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. तुमच्या कमिट्या वर्षा-दोन वर्षांनी बदलतात, सिनेटरची मुदत सहा वर्षांची. नवी कमिटी येते तेव्हा जुनी कमिटी बँकेचे पासवर्ड, गोडाऊनची किल्ली आणि मखराचे सामान हवाली करते. त्या यादीत या वहीची एक ओळ वाढवा आणि तिच्यासमोर घेणाऱ्याची सही घ्या.

आपला,
न्यू जर्सीतला एक वर्गणीदार सभासद आणि मतदार